अंगठ्यापुरती जागा

आमच्या नर्सरीत बत्तीस मुलं होती आणि बत्तीसही मुलांचा मोर अगदी एकसारखा यायचा. एकाच मापाची मान, एकाच वळणाचा तुरा, पिसाऱ्यातल्या प्रत्येक डोळ्यात तोच निळा. मार्चमध्ये प्रदर्शन लागलं की आईबाप फायली चाळत म्हणायचे, "वा, हाताला काय सफाई आहे!" सफाई होतीच. फक्त तो हात पाच वर्षांच्या पोरांचा नव्हता, जयवंताबाई मेश्रामांचा होता. चोपन्न वर्षांचा, फरशी पुसून पुसून चरे पडलेला. हे मला ठाऊक होतं, आमच्या मिनल मॅडमना ठाऊक होतं, आणि मला विचाराल तर आईबापांनाही ठाऊक होतं. सगळ्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

मी दिपाली ढोमणे, नंदनवनातल्या त्या नर्सरीत केजी-टूची टीचर. "होते" असं लिहायला आवडलं असतं, पण अजून आहे. नर्सरीचं नाव सांगत नाही. सांगून काय, अशा नर्सऱ्या आता गल्लोगल्ली झाल्या आहेत. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

जयवंताबाई तिथं मावशी होत्या. मावशी म्हणजे जी मुलांची शी-शू काढते, डबे उघडून देते, रडणाऱ्याला कडेवर घेते आणि स्नेहसंमेलनाच्या फोटोत कधीच नसते. माहेर कुही तालुक्यातलं. तिथं मातीच्या भिंतीवर चुन्यानं वेली-पाखरं काढायची ती याच पोरीनं, असं सगळं गाव सांगायचं म्हणे. लग्न होऊन नागपूरला आल्या. नवरा नत्थू कळमन्याच्या बाजारात पोती वाहायचा. पाठ गेली तेव्हापासून तो घरीच पडून. एक मुलगी, करिष्मा. ती मिहानमधल्या एका कंपनीत साफसफाईच्या कामाला. सकाळी सहाला गाडी येते ती संध्याकाळीच परत सोडते. करिष्माचा नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला तो गेलाच. मागे राहिली तिची मुलगी प्रीती, आजीच्या पदराला.

जयवंताबाईंना नर्सरीत आणलं मिनल मॅडमच्या सासूबाईंनी. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. तेव्हा नर्सरी नव्हती, घराच्या पुढच्या खोलीतली मराठी बालवाडी होती. मी लागले तेव्हा मोठ्या बाईंची शेवटची दोन वर्षं चालू होती, म्हणून मला तो जुना प्रकार डोळ्यांनी बघायला मिळाला. रोज सकाळी एक तास हातकामाचा, आणि तो तास जयवंताबाईंचा. बादलीत काळी माती भिजवलेली असायची. मुलं ती कोपरापर्यंत मळायची. मग रद्दी पेपर फाडायचा, कात्री न लावता, दोन बोटांनी. मग परातीतली तूर आणि हरभरा वेगळा करायचा, चिमटीत एकेक दाणा धरून. आणि शेवटी सगळ्यांनी ओलं फडकं पिळायचं.

मी नवी, डी.एड. झालेली, ताठ्यात होते. म्हटलं, "मावशी, यांना फरशी पुसायला शिकवता की काय?"

"पोट्ट्याले आधी पेन्सिल देऊ नोका मॅडम," त्या म्हणाल्या. "आधी फडकं पिळू द्या. मनगटात जोर आला का पेन्सिल आपसूक धरते थो. नाही त मुठीत पकडते, खराट्यावानी."

मला हसू आलं होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी पालकांसाठी एक शिबिर झालं. त्यात पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञ बाईंनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून नेमकं हेच सांगितलं. लिहिण्याआधी बोटं तयार करा, मळू द्या, फाडू द्या, पिळू द्या, हवं ते रंगवू द्या. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. जयवंताबाई तेव्हा मागं चहाचे कप विसळत होत्या.

त्यांचा एक नियम होता, पोराच्या कागदाला हात लावायचा नाही. पोर कितीही मागं लागलं तरी काढून द्यायचं नाही. तान्ह्या पोळ्याला बाकीच्या शाळांतली मुलं बाजारातले लाकडी बैल मिरवायची. आमची मुलं स्वतः केलेले मातीचे घेऊन यायची, कुणाचं शिंग गळलेलं, कुणाचं वशिंड पोटाला. एका वर्षी एका मुलानं कागदावर सहा पायांचा बैल काढला. मोठ्या बाई म्हणाल्या, "जयवंता, याला चार पाय दाखव गं." तर या म्हणतात, "कायले दाखवू बाई? पळून राहिला थो बैल. पळत्या बैलाचे पाय मोजता येतेत का कोनाले?" मोठ्या बाई हसून हसून खुर्चीत बसल्या.

मोठ्या बाई गेल्या आणि कारभार मिनल मॅडमकडे आला. अंगणात टाइल्स बसल्या. इंग्रजी नाव आलं, पाटीवर फुलपाखरू आलं. एका आईनं तक्रार केली की मुलाच्या नखात माती असते, आणि त्या दिवशी मातीची बादली गच्चीवर गेली ती तिथंच वाळली. मिनल मॅडम वाईट नाहीत, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यांना धंदा कळतो, एवढंच. पालक पैसे देतात तर पालकांना काहीतरी हातात हवं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फाइल काढली. प्रत्येक मुलाची वर्षाची चाळीस चित्रं, चकचकीत प्लॅस्टिकमध्ये घातलेली, प्रत्येकाखाली वर्गशिक्षिकेची सही. रंग रेषेबाहेर गेला की मॅडम चित्र परत करायच्या. आता पाच वर्षांच्या मुलाचा रंग रेषेच्या आत राहतो कुठं? पहिल्या वर्षी आम्ही टीचर लोकांनीच रात्री जागून रंगवलं. दुसऱ्या वर्षी मॅडमनी जयवंताबाईंना फळ्याच्या कोपऱ्यात सहज एक पोपट काढताना पाहिलं, आणि आमची सुटका झाली.

जिनं उभ्या जन्मात पोराच्या कागदावर रेघ ओढली नाही, तिच्या डोक्यावर बाराशे ऐंशी चित्रं बसली. त्या आधी नाही म्हणाल्या. मॅडम शांतपणे बोलल्या, की माती आता बंद आहे, हातकामाचा तासही बंद आहे, तेव्हा दुसरी मावशी ठेवायची गरज आहे का याचा विचार चाललाय. आणि हो, तुमच्या नातीला आपण इथं फुकट घेऊ की. अडला हरी गाढवाचे पाय धरी. जयवंताबाईंनी कार्डशीटचा गठ्ठा उचलला.

तरी मुलांचा हात लागायला हवा म्हणून मॅडमनी एक तोडगा काढला होता. प्रत्येक चित्रात जयवंताबाई एक जागा कोरी ठेवायच्या. द्राक्षाचा एक मणी, फुलाची एक पाकळी, मोराचा एक डोळा. मुलं रांगेनं यायची. मी एकेकाचा अंगठा धरायचे, रंगात बुडवायचे, त्या जागी दाबायचे, ओल्या फडक्याला पुसायचे, की पुढचा. तासाभरात बत्तीस. दिवाळीनंतर तर मी रंगाची डबी उघडली की मुलं न सांगता अंगठे पुढं करून उभी राहायची, आणि मला ती शिस्त वाटायची. जी पोरं साक्षर व्हायला निघाली होती त्यांना आम्ही आधी अंगठा लावायला शिकवलं. मी शिकवलं. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

प्रीती गेल्या वर्षी माझ्याच वर्गात होती. काळीसावळी, गोड गळ्याची, दोन घट्ट वेण्या. तिच्याबद्दल जयवंताबाईंच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्या कुणालाही सांगायच्या, भाजीवाल्यालाही. प्रीतीला एका जुन्या संस्थेच्या शाळेत पहिलीत घालायचं. शाळा त्यांच्या वस्तीपासून चालत पंधरा मिनिटांवर, फी झेपण्याजोगी, आणि मुख्य म्हणजे पहिली ते दहावी एका छपराखाली. करिष्माची शाळा सातवीला संपली होती. आठवीची शाळा लांब, पोरगी एकटी जाणार कशी, म्हणून घरी बसली, आणि घरी बसली म्हणून लग्न लवकर झालं. "एकदा पोट्टी अंदर गेली का दहावी करूनच बाहीर येते," त्या म्हणायच्या. "मधात सुटाची सोयच नाही." त्या शाळेत बाहेरच्या मुलांसाठी पहिलीच्या जागा बारा. परीक्षा नसते, कायद्यानं घेता येत नाही. फक्त मुलाशी "गप्पा" मारायला बोलावतात.

डिसेंबरात एकदा डबे वाटताना त्यांनी मला विचारलं, "मॅडम, थ्या शाळेत फाइल पाहतेत ना?"

"पाहतात ना," मी म्हटलं. "फाइल चांगली असली की अर्धं काम झालं."

हे मी का म्हटलं ते सांगते. माझा उन्मेष त्याच शाळेत तिसरीत आहे. त्याच्या वेळी मीही त्या गप्पांना गेले होते, काखेत फाइल मारून. तिथल्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. त्याच्यापुढं एक कोरा कागद आणि खडू ठेवले आणि म्हणाल्या, काढ तुला काय काढायचं ते. उन्मेषनं काढलं, कारण मी त्याला घरी दोन वर्षं स्वयंपाकघराची आख्खी भिंत गिरवू दिली होती. दुसऱ्यांच्या पोरांचे अंगठे दाबणारी मी, माझ्या पोराला काय लागतं ते मला बरोबर कळत होतं. तेव्हा मला माहीत होतं. पण डिसेंबर महिना, निम्म्या फायली बाकी, आणि जयवंताबाईंनी जर आता हात आखडला तर ते सगळं माझ्या गळ्यात येणार होतं. म्हणून म्हटलं, पाहतात ना.

आणि त्यांना तरी खरं का वाटलं? स्वतः बनावट मोर काढणारी बाई, तिला कळू नये? कळत होतं. पण दरवर्षी त्या बघत होत्या की फाइल घेऊन गेलेल्या मुलांपैकी चार-पाच तिथं लागतात. कुणाचे वडील कोण आहेत, कुणी कुणाला फोन केला, हे काही मावशीच्या कानावर येत नाही. त्यांना दिसत होती ती फाइल, आपल्या हातची. आपल्या हाताच्या जोरावर लोकांची पोरं लागली, तर आपली काहून लागणार नाही?

जानेवारीत मी तयार चित्रं आणायला त्यांच्या घरी गेले. एकच खोली. दिवाणावर, फरशीवर, शिलाई मशीनवर मोर वाळत घातलेले. नत्थूदादा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाय आखडून, चित्रांना लागू नयेत म्हणून. प्रीती कोपऱ्यात उकिडवी बसून बघत होती. जयवंताबाई मला पाणी द्यायला उठल्या तेवढ्यात तिनं लाल तेलखडू उचलला आणि जवळच्या मोरावर एक लांब, मजेत वळत गेलेली रेघ ओढली. चित्र नेमकं गौरांगचं होतं. गौरांगच्या वडिलांनी नर्सरीला एसी बसवून दिला होता.

जयवंताबाईंनी तिच्या हातावर फाडकन मारलं. "कितीदा सांगू वं तुले? हात नोको लावू म्हनलं ना! कागद खराब होते!"

प्रीती रडली नाही. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि तशीच बसून राहिली. जयवंताबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या. "मीच म्हनत होती मॅडम, पोराच्या हाताले अडवू नोका. आता पाहा माये धंदे." माझ्या पिशवीत कोऱ्या कार्डशीटचा गठ्ठा होता. त्यातला एक काढून त्या पोरीपुढं ठेवला असता तर माझं काय गेलं असतं? पण मॅडम शीट मोजून द्यायच्या, आणि मला घाई होती. मी वाळलेले मोर गोळा केले आणि निघाले.

प्रीतीची फाइल त्यांनी सगळ्यांत शेवटी केली, आणि खरं सांगते, तशी फाइल आमच्या नर्सरीत पुन्हा होणार नाही. बैलगाडीला तणसाच्या खऱ्या काड्या चिकटवलेल्या. तुरीच्या डाळीचं सूर्यफूल. मोराच्या गळ्यात हिरव्यातून निळ्यात जाणारा रंग, जो कुठल्याच डबीत मिळत नाही, बोटानं घोटून आणलेला. पिसाऱ्यात एक डोळा कोरा. मी प्रीतीचा अंगठा तिथं दाबला आणि खाली सही केली, दिपाली ढोमणे.

गप्पा मार्चमधल्या एका शनिवारी होत्या. करिष्माला सुट्टी मिळाली नाही. जयवंताबाई म्हणाल्या, "तुम्ही चाला ना संगं. इंग्रजीत काही पुसलं त सांभाळून घ्यान." मी गेले. मनात कुठंतरी टोचत होतं म्हणून गेले, असं आज म्हणता येईल. त्यांनी पांढरी, निळ्या काठाची साडी इस्त्री करून नेसली होती. फाइल साडीच्या दुकानातल्या पिशवीत, छातीशी धरलेली.

हर्षा मॅडम म्हणून तिथल्या बाई होत्या, चाळिशीच्या, नव्यानंच आलेल्या. मला ओळखत नव्हत्या. "आपण?" म्हणाल्या, तर मी म्हटलं, "शेजारी." ते त्या दिवसाचं पहिलं खोटं. इतकं सहज निघालं की मलाच कळलं नाही.

प्रीतीनं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, कविता म्हटली, भाज्यांची नावं धडाधड सांगितली. बाई खूश झाल्या. मला वाटलं, लागली पोरगी. जयवंताबाईंनी पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती हळूच बाजूला सरकवली आणि एक कोरा कागद पुढं ठेवला, खडूंची पेटी उघडून.

"प्रीती, तुला हवं ते काढ. घर काढ, आजी काढ, काहीही."

प्रीतीनं कागदाकडं पाहिलं. आजीकडं पाहिलं. हात मांड्यांखाली घातले.

"घे की खडू. कुठला रंग आवडतो?"

"लाल," प्रीती म्हणाली. बाईंनी लाल खडू तिच्यापुढं ठेवला. पोरगी हलली नाही. बाई घाई करत नव्हत्या, खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत होत्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग प्रीतीनं उजवा हात बाहेर काढला. मला वाटलं, आता घेते. तिनं चार बोटं मिटली, अंगठा ताठ केला, कागदावर धरला आणि थांबली.

"अगं, खडू घे ना बेटा," बाई म्हणाल्या. त्यांना कळलं नाही. त्या खोलीत ते फक्त मला आणि जयवंताबाईंना कळलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"पिरती, काढ ना माय," त्यांचा आवाज चिरकला. "तुयाच कागद हाय थो. नाही होत खराब. काढ."

प्रीतीनं कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळला. मग हळू आवाजात विचारलं, "आजी, जागा कुठी हाय?"

त्यानंतर बाईंनी फाइल उघडली. मोरावर थांबल्या. "हा कुणी काढला गं?" "आजीनं," प्रीती म्हणाली, अगदी अभिमानानं. "समदे आजीनंच काढले. गौरांगचा बी." बाईंनी पानं उलटली, मग जयवंताबाईंकडे बघून म्हणाल्या, रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं, "आजी, तुमच्या हातात देवाघरची कला आहे. पण पहिलीत मला तुम्हाला नाही हो बसवता येणार." मग त्यांचं बोट चित्राखाली गेलं. "दिपाली ढोमणे. या टीचर का? बरं झालं असतं त्या असत्या तर. मला त्यांना विचारायचं होतं, वर्षभर या मुलीच्या हातात काय दिलं म्हणून." आणि माझ्याकडं वळल्या. "तुम्ही ओळखता त्यांना?"

मला उन्मेष आठवला. याच शाळेत, वरच्या मजल्यावर. त्याची आई ही, असं सगळ्यांना कळणार. मी म्हटलं, "त्या आज नाही आल्या."

जयवंताबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. एकदाच. मग फाइल पिशवीत घातली, प्रीतीचा तो ताठ राहिलेला अंगठा आपल्या मुठीत घेतला आणि उठल्या. त्या तेव्हा बोलल्या असत्या तर कदाचित काही झालं असतं. मी बोलले असते तर नक्कीच झालं असतं. त्या बाई ऐकून घेणाऱ्या होत्या. मी एवढंच म्हणायचं होतं, की चूक पोरीची नाही, हिच्या बोटांना आम्ही वर्षभर काही करूच दिलं नाही, एक महिना द्या, ही काढेल. चार वाक्यं. मी तोंडाला कुलूप लावून बसले.

बुधवारी यादी लागली. बारा नावं. प्रीती नव्हती, गौरांग होता. गौरांगनं कोऱ्या कागदावर काय काढलं ते मला ठाऊक नाही. त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला होता का, तेही ठाऊक नाही.

हर्षा मॅडमनी आमच्या नर्सरीला फोन केला. मिनल मॅडमनी जयवंताबाईंना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपट घेऊन बाजूलाच उभी होते.

"फायली तुम्ही करता हे बाहेर कसं गेलं?"

"लेकरानं सांगतलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? नाही म्हणून सांगता येत नव्हतं?"

"लेकरू खरं बोलून राहिलं होतं मॅडम," जयवंताबाई म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर हात कसा ठेवू? एक डाव हातावर मारलं, थेच पुरे झालं."

मॅडमनी सोबत कोण होतं ते विचारलं. जयवंताबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाल्या, "मीच होती." मॅडम म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. एकोणीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात झाला. त्यांनी मान हलवली, खुंटीवरचा आपला डबा घेतला आणि मागच्या दारानं गेल्या, कारण पुढच्या दारात मुलं रांगेत उभी होती. आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बाहेर जाऊन त्यांचा हात धरावा असं नाही वाटलं. नोकरी वाचली, असं वाटलं. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती, पण ती आली संध्याकाळी, घरी, चहा पिऊन झाल्यावर. आमच्यासारख्यांना किळसही सवडीनं येते.

आता मॅडम छापील चित्रं मागवतात. रंग भरलेलाच येतो आणि अंगठ्यासाठी गोल छापलेला असतो. काम सोपं झालं आहे.

जुलैत एकदा सकाळी उन्मेषला शाळेत सोडायला निघाले होते. नंदनवनच्या सिग्नलला गाडी थांबवली. जयवंताबाई प्रीतीला घेऊन रस्ता ओलांडत होत्या. प्रीतीच्या अंगावर महापालिकेच्या शाळेचा गणवेश, खांद्यांवरून उतरत असलेला. ती शाळा सातवीपर्यंत आहे. मी तोंड फिरवलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहिते. प्रीतीनं मला पाहिलं, उन्मेषच्या गणवेशाकडं पाहिलं, आणि आजीचा हात ओढत ओरडली, "आजी, पाह्य ना, आपल्या दिपाली मॅडम!"

जयवंताबाई थांबल्या. माझ्यात आणि त्यांच्यात तीन हातांचं अंतर असेल. त्यांनी माझ्याकडं नीट, सावकाश पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"नाही वं," त्या प्रीतीला म्हणाल्या. "दुसऱ्या कोनी हायेत थ्या. चाल, घंटा होते."